पहिल्या भाजीची डोंगरी

किसननं माझ्या मनगटाला नारिंगी कागदी पट्टी चिकटवली, ओढून पाहिली आणि म्हणाला, "काढू नको हां ताई. आत कुणी विचारलं नि पट्टी नसली, तर बाहेर काढतील." किसन आमच्याच पाड्यातला. त्याचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुडाची भिंत आणि त्या भिंतीवर दोन्ही घरांची वाळत टाकलेली जाळी. आता त्याच्या अंगावर उद्यानाचा गणवेश आहे, गळ्यात शिटी आहे. त्यानं तिकिटाचा अर्धा भाग फाडून घेतला आणि मला आमच्या डोंगरीवर जायची परवानगी दिली.

रविवार होता. तलासरीकडून उधव्याला येणारा रस्ता हायवेपासूनच तुंबलेला. अर्ध्या गाड्या गुजरातच्या, अर्ध्या मुंबईच्या, आणि त्या सगळ्या डोंगरीच्या पायथ्याच्या खाचरांत उभ्या. खाचरांत मुरूम टाकलाय. जनरेटरचा धूर, मक्याची कणसं भाजल्याचा वास, उकळत्या शेवयांचा वास, आणि या सगळ्यावर एका स्पीकरमधून गाणं. माणसं एकमेकांच्या टाचांवर पाय देत वर चढत होती. चढाची वाट सिमेंटची झालीय. तिला कठडा आहे, कठड्याला चिकटून मोबाइल उंच धरलेले हात आहेत. मी त्या रांगेत होते. मागचा माणूस मला सारखा म्हणत होता, "मॅडम, जरा पटापट चला ना."

मी डहाणूत एका शाळेत कारकून आहे. सही नीटनेटकी, रकाने नीटनेटके. पण या डोंगरीवर मी पहिल्यांदा चढले ती फुईच्या कडेवर बसून. फुई म्हणजे माझ्या बापाची बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी आली आणि माझी आई मी रांगत असताना गेली म्हणून मी तिच्या वाट्याला आले. आम्ही दोघीही एकमेकींना कुणी विचारून दिलेल्या नव्हतो.

त्या डोंगरीला नाव नव्हतं. तिच्यावर एक दगड होता, त्यालाही नाव नव्हतं. देव म्हणायचं, बस. फुई म्हणायची, नाव ठेवलं की जागा आपली होते आणि देवाची जागा आपली झाली की ती आपल्यावर उलटते. त्यामुळे आम्ही नुसतं 'वर' म्हणायचो. वर जाऊन आलो. वर पाऊस धरलाय. वर कुणी खोकतंय.

आमच्यात नेम होता. आषाढात नवं हिरवं पान आलं की ते आधी वर द्यायचं, मग खायचं. तोवर पाड्यात एकाच्याही चुलीवर हिरवं शिजत नसे. रानात कोळीची भाजी हातभर वाढलेली असायची, गवतासारखी लांब लांब पाती, बुडाशी पांढरी. बांधावर टाकळा माजलेला असायचा. आणि आम्ही नाचणीची भाकरी मिठाशी खायचो. मग फुई दिवस ठरवायची. तो कसा ठरवायची ते मला कधी कळलं नाही. सकाळी उठून ती अंगणात उभी राहायची, हवेचा वास घ्यायची आणि म्हणायची, "उद्या."

उद्या म्हटलं की प्रत्येक घरातली बाई आपापल्या उतारावर जायची आणि एक मूठ भाजी खुडून आणायची. एकच मूठ, जास्त नाही, कमी नाही. ती मूठ जी ती आपल्या रीतीनं बांधायची. कुणी पळसाच्या सालीनं, कुणी गवताच्या काडीनं. किसनची आई केळीच्या सोपटाला दोन गाठी मारायची. सगळ्या मुठी फुईच्या टोपलीत. टोपली डोक्यावर, उघडी, वर फडकं नाही. देवाकडे झाकून काही न्यायचं नसतं. पावसानं भाजी भिजली तर भिजू द्यायची, फुई मात्र इरल्याशिवाय चिंब होऊन पुढे चालायची आणि आम्ही पोरी मागून, पानांच्या इरल्यांखाली, चिखलात पचपच पाय टाकत. इरल्याच्या आत पावसाचा आवाज वेगळा येतो. तो आवाज आता कुठे मिळत नाही.

वर गेल्यावर ती सगळ्या मुठी सोडून एकत्र करायची, इतक्या कालवायची की कुणाचं कुठलं पान हे देवालाही ओळखू येऊ नये. त्यातलं एक पान तोडून दगडावर ठेवायची, झिऱ्याचं पाणी ओतायची, आणि मग उठून उभी राहायची, तोंडाशी हात धरायची आणि खाली पाड्याकडे बघून हाक द्यायची, "झालंऽऽऽ!"

ती हाक डोंगरी उतरून जायची. क्षणभर काहीच नाही. आणि मग खाली एका छपरातून धूर, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. सगळा पाडा एकाच वेळी चुली पेटवायचा. आम्ही उतरेपर्यंत लसणाचा, ओल्या लाकडाचा आणि शिजणाऱ्या कोळीचा वास वाटेत आम्हाला भेटायला यायचा. मी आजवर खूप ठिकाणी जेवले, तेवढी भूक मला परत कधी लागली नाही.

फुई प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. मी आठ वर्षांची असताना नेमाच्या आदल्या दिवशी बांधावर बसून कोळीची दोन पाती चावली. कच्चीच. हिरवा रस ओठाला लागला होता, तो तिनं पाहिला. तिनं मला मानेला धरून अंगणात नेलं, घशात दोन बोटं घातली, आणि ती पाती बाहेर पडेपर्यंत बोटं काढली नाहीत. त्याबरोबर दुपारची भाकरीही गेली. मग म्हणाली, "आता हाय तठंच उभी ऱ्हा." मी पावसात उभी राहिले, दिवे लागेपर्यंत. मी तिला त्याबद्दल कधी माफ केलं नाही आणि तिनंही माफी मागितली नाही. पण त्या दिवसापासून नेम माझ्या पोटात बसला, बाहेर येईना.

बाकीचे ऋतू सुटे सुटे आठवतात. फाल्गुनात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाला जाळायचे, त्याचा धूर आठवडाभर केसांत राहायचा. चैत्रात करवंदाच्या जाळीत हात घालायचो, बोटं चिकानं एकमेकांना चिकटायची. भात कापून झालं की कुठून तरी तारपा वाजायचा, कुठून ते शोधायला निघालं की आवाज जागा बदलायचा. थंडीत वरच्या गवतात आडवं पडलं की माणूस दिसत नसे. मी आणि किसन तिथे लपायचो आणि फुईनं मारलेल्या हाका मोजायचो. त्या गवताच्या जागी आता लॉन आहे. तिथे मी थांबले तेव्हा एका पाटीवर लिहिलं होतं, गवतावर बसू नये.

आता जे सांगायचं ते सांगते. ते टाळत टाळत मी इथवर आले.

वनजमिनीचे दावे सरकारकडे भरायचे दिवस आले तेव्हा पाड्यात बारावी झालेली मी एकटी. दावे भरून घ्यायला आलेला कार्यकर्ता धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत सांगत होता, नुसती शेतं लिहू नका, गुरं चारता ती जागा, पाणी, देव, सगळं लिहा, सगळ्या पाड्याच्या नावानं लिहा. मी रकाना वाचून दाखवला. पूजेची जागा. सगळे फुईकडे बघायला लागले.

"देवाच्या जागेवर माणसाचं नाव?" ती म्हणाली. "आज नाव लिहा, उद्या वाटे पाडा."

"एकट्याचं नाय, सगळ्या पाड्याचं लिहायचं," मी म्हणाले.

"पाड्याचं म्हंजी माणसांचंच ना? पोरी, ती जागा आपली नाय. आपली म्हणायची नाय. लिही तसं."

कार्यकर्त्यानं डोक्याला हात लावला. तो दोनदा परत आला, समजावून गेला. म्हातारे मान हलवायचे आणि फुईकडे बघायचे. शेवटी मी लिहिलं. मला शाळेच्या ऑफिसातला एक शब्द माहीत होता, तो वापरायला मिळाला याचा आनंदही झाला. पूजेची जागा, निरंक. गुरंही वरच चरायची, म्हणून गुरचरण, निरंक. अक्षर फार सुरेख आलं. आम्हाला खाचरं मिळाली, उतार मिळाले. वरची जागा आमची नाही हे आम्हीच सही-अंगठ्यानिशी देऊन टाकलं.

आमची नाही म्हटल्यावर ती सरकारची. सरकारनं तिला उद्यान म्हटलं, एक पाटी रोवली, पायऱ्यांना सुरुवात केली. अर्ध्या पायऱ्या झाल्या आणि निधी संपला. पुढची काही वर्षं तिथे एक रखवालदार होता. त्याचा पगार रखडायचा, म्हणून तो फुईच्या हातची भाकरी खायचा आणि आम्हाला कुणी काही विचारत नसे. खरं तर उद्यान असलं तरी नसल्यासारखं होतं, तेच दिवस बरे. मग ऐकू आलं की सरकारला परवडत नाही, एक कंपनी चालवायला घेणार. ग्रामपंचायतीत सभा झाली. रोजगार मिळेल म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. किसनला नोकरी लागली म्हणून त्याच्या आईनं पेढे वाटले.

गेल्या वर्षी आषाढात फुईनं अंगणात उभं राहून वास घेतला आणि म्हणाली, "उद्या." अकरा घरांच्या अकरा मुठी घेऊन ती पहाटे वर निघाली. फाटक बंद. दहाला उघडलं. फाटकावर पाटी आहे, बाहेरचं खाणं आत नेण्यास मनाई. नियम वेफर्सच्या पिशव्यांसाठी आणि घरून आणलेल्या डब्यांसाठी होता, आतल्या हॉटेलचा धंदा बसू नये म्हणून. किसन नोकरीत नवा होता आणि कंपनीचा साहेब शेजारी उभा होता. किसननं टोपली उचलली आणि फाटकाजवळच्या निळ्या पिंपात उपडी केली. त्यात केळीच्या सोपटाची दोन गाठी मारलेली एक मूठही होती. ती त्यानं पाहिली की नाही, मी कधी विचारलं नाही.

फुई रिकामी टोपली घेऊन परत आली. हाक आली नाही, म्हणून चुली पेटल्या नाहीत. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग एका घरातून लसणाचा वास आला, मग दुसऱ्या घरातून. पोरं लहान असतात, किती दिवस मिठाशी खाणार? दारं लावून खाल्लं, एवढंच. फुईनं खाल्लं नाही. रानातलं नाही, बाजारातलं नाही, मेथी नाही, कोथिंबिरीचं पान नाही. वर्ष उघडलंच नाही, तिचं म्हणणं. मीही नाही खाल्लं. शाळेत डब्यातली पालेभाजी मी बाजूला सारते आणि पित्त होतं म्हणून सांगते. हे मी फुईला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात सांगायचं काय.

या उन्हाळ्यात ती अंगणात बसल्या जागी कलंडली. मी तिला डहाणूला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासलं. "अंगात रक्तच नाहीये मावशी," त्या म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या, त्या फुईला पचेनात. मग मला म्हणाल्या, "तुम्ही रानातले लोक, तुम्हाला काय सांगायचं? भरपूर पालेभाज्या द्या यांना. असंच चाललं तर पुढचा पावसाळा कठीण आहे." फुई त्यांच्याकडे बघून हसली. तिला डॉक्टर लहान मुलीसारख्या वाटल्या असाव्यात.

म्हणून या आषाढात मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. टोपलीत चारच मुठी होत्या. बाकीच्यांनी नजर चुकवली. मी दोन तिकिटं काढली, साहेबाला बोलवा म्हणून अडून बसले. साहेब आला. तरुण, मुंबईचा, अंगावर पानांचं चित्र असलेला शर्ट. मी माझ्या ऑफिसच्या मराठीत त्याला सगळं समजावलं. देव, मुठी, हाक, रक्त. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याचे डोळे चमकले तेव्हा मला वाटलं, माणूस आहे बिचारा.

"आजी," तो म्हणाला, "हे तुम्ही सगळ्यांसमोर कराल का? दर रविवारी? एकदा अकराला, एकदा चारला. मानधन देऊ, साडी देऊ."

मी तोंड उघडायच्या आत फुई म्हणाली, "मला आत सोडशील?"

"रोज सोडीन."

"मग करीन."

टोपली मात्र फाटकाबाहेरच राहिली. बाहेरची भाजी नको, साहेब म्हणाला, किडेबिडे असतात, पाहुण्यांना काही झालं तर आमच्यावर येतं. आणि ही कोळी फोटोत गवतासारखी दिसते. भाजी आम्ही देऊ. आणि उद्यानात उगवलेलं पान तोडावं तर दंड.

आज मी ते बघायला आले होते.

चार वाजता स्पीकरवरचं गाणं थांबलं. देवाच्या दगडाला स्टीलचा कठडा केलाय, भोवती तीन पायऱ्यांची गोल बैठक. ती भरून माणसं मागे उभी होती. मला फुईचं डोकं तेवढं दिसत होतं, म्हणून मी कोपरानं वाट काढत पुढे गेले. माइक धरलेला एक मुलगा म्हणाला, "फ्रेंड्स, जरा शांतता! आता आपल्या आजी जंगलाच्या देवाला सीझनची पहिली भाजी देणार!" फुईच्या अंगावर हिरवी साडी, तिच्यावर पांढरी चित्रं छापलेली, नाचणारी माणसं. हातात नवी टोपली. टोपलीत पालकाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला लाल रबर बँड.

तिनं रबर बँड काढले. एक एक करून काढले, मनगटात घातले. जुड्या कालवल्या. सगळ्या एकाच मळ्यातल्या, कालवल्या काय, न कालवल्या काय. एक पान दगडावर ठेवलं, बाटलीतलं पाणी ओतलं. मग उभी राहिली. उभं राहताना तिचा तोल गेला, तिनं कठडा धरला. लोकांना वाटलं तेही त्यातलंच. तिनं तोंडाशी हात धरला आणि खाली बघून हाक दिली.

"आता सगळे माझ्याबरोबर," माइकवाला ओरडला, "झालंऽऽऽ!"

दोनशे-तीनशे गळे ओरडले, "झालंऽऽऽ!" पोरं किंचाळली, कुणी शिट्टी मारली. खाली पत्र्यासारख्या चमकणाऱ्या गाड्या होत्या. पुढे बसलेली एक बाई फुईला म्हणाली, "बा, एक वार फरीथी करो ने, विडियो नथी आव्यो." फुईनं पुन्हा तोंडाशी हात धरला आणि तिच्यासाठी पुन्हा हाक दिली. मला राग आला. त्या बाईचा नाही. फुईचा आला, की ही इतकी चांगली हाक का देते?

सहानंतर मी स्वयंपाकघराच्या मागे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये कामाची माणसं जेवायला बसली होती. फुई भिंतीला टेकून होती, पाय पसरून. तिची नखं पांढरीफटक. देवापुढचा पालक आचाऱ्यानं शिजवून सगळ्यांच्या ताटात वाढला होता, तिच्याही. तिनं भात आणि डाळ खाल्ली होती. भाजी ताटाच्या कडेला तशीच.

"फुई, दिलंस ना आता देवाला? बरोबर तिथंच दिलंस. मग खा ना."

"ते देवाला नाय दिलं," ती म्हणाली. "ते लोकांना दाखवलं. त्यात घरांच्या मुठी कठं हायत?"

"मग कशाला येतेस इथं?"

"पुसायला. पोरं वेफर्सचे हात पुसतात त्या दगडाला. आणि एखादे रविवारी सोडतील माझी टोपली. अठं असलं पाहिजे ना तवा."

मी तिच्यासमोर बसले. डॉक्टर काय म्हणाल्या ते पुन्हा सांगितलं, हात धरले, रडलेही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, नजर दुसरीकडेच. मग तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. तिनं ती नारिंगी पट्टी बोटानं फिरवून बघितली.

"तिकीट काढून आलीस?"

"हो. नाहीतर सोडत नाहीत."

तिनं आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. पाव्हण्याला आग्रह करावा तसा होता.

"मग तू खा. नेम पाड्याचा हाय. बाहेरच्यांना चालतं."

मीही किती दिवस हिरवं खाल्लं नव्हतं ते सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, घास घेते की नाही ते बघत होती. मी घास घेतला. लसूण जरा जास्त होता, मीठ बरोबर होतं, आणि मला भूक लागली होती.

"आणखी घेशील?" फुईनं विचारलं.

मी ताट पुढं केलं.